‘शीर आखडली’ म्हणजे काय? : मेंदूच्या रोहिण्यांचे आकुंचन, कॅल्शियमरोधी औषधे आणि नावांचा इतिहास

१

हिंगोली, परभणी, नांदेड ह्या टापूत एखाद्याचे अर्धे अंग एकाएकी लुळे पडले म्हणजे त्याच्या ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. कोणी ‘लकवा मारला’ म्हणतो. किंचित शिकलेला मनुष्य ‘अर्धांगवायू झाला’ असे सांगतो. रुग्णास शहरातील रुग्णालयात नेऊन परत आलेले नातलग मात्र ‘डोक्यातली शीर फुटली’ किंवा ‘शीर आखडली’ अशी निराळीच भाषा बोलू लागतात. ह्या वाक्प्रयोगांत तीन वैद्यकपरंपरा एकत्र नांदत आहेत. वारे आणि वायू आयुर्वेदाचे, लकवा युनानी वैद्यकाचा, आणि फुटणारी किंवा आखडणारी शीर ही आधुनिक शारीरशास्त्राची.

ह्यांपैकी ‘शीर आखडणे’ ह्या शेवटच्या प्रयोगाचा आणि तदनुषंगाने एका औषधवर्गाचा इतिहास प्रस्तुत निबंधात पाहावयाचा आहे. मेंदूवरील आवरणांखाली रक्तस्राव झाल्यावर काही दिवसांनी मेंदूच्या रोहिण्या आकुंचन पावतात. ते आकुंचन कमी व्हावे म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅल्शियमरोधी औषधे पुढे आली, आणि त्यांतील एक, निमोडिपिन, आज जगभर वापरात आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, भाषेचा अभ्यासक आहे. तथापि ह्या औषधाच्या इतिहासात भाषाभ्यासकाने लक्ष घालावे असे एक कोडे आहे. औषध गुणकारी ठरले. परंतु ज्या कारणाने ते गुणकारी ठरेल असे मानले होते, त्या कारणाचा पुरावा मात्र चाचण्यांतून मिळाला नाही. नाव आधी पडले, अनुभव नंतर आला, आणि अनुभवाने नावाला पुरता दुजोरा दिला नाही. नाव आणि वस्तू ह्यांतील हे अंतर केवळ कोशकारांच्या चर्चेचा विषय आहे की त्याची झळ रुग्णाच्या उशापाशी बसलेल्या माणसालाही लागते, हा येथील मुख्य प्रश्न होय.

२

प्रथम शब्द पाहू. मराठीतील ‘शीर’ हा शब्द संस्कृत ‘सिरा’ अथवा ‘शिरा’ ह्यापासून आला. बोलीत त्याचा विस्तार फार मोठा आहे. ‘सुई टोचायला शीर सापडत नाही’ ह्या वाक्यात शीर म्हणजे अशुद्ध रक्त वाहून नेणारी वाहिनी. ‘मानेची शीर आखडली’ येथे स्नायू किंवा स्नायुबंध. ‘कमरेत शीर दबली’ येथे मज्जातंतू. आणि ‘डोक्यातली शीर फुटली’ येथे शुद्ध रक्ताची रोहिणी. चार निरनिराळे अवयव एकाच शब्दाच्या पोटी आहेत. ‘नस’ ह्या शब्दाचीही तीच गत. त्याचा संबंध संस्कृत ‘स्नसा’ ह्या स्नायुवाचक शब्दाशी लावला जातो. फारसीतून आलेला ‘रग’ हा मूळचा रक्तवाहिनीवाचक शब्द मराठीत शरीर सोडून स्वभावात शिरला. ‘अंगातली रग जिरली’ असे आपण म्हणतो तेव्हा कोणतीही वाहिनी आपल्या मनात नसते.

शास्त्रीय मराठीने ही अनेकार्थता टाळण्यासाठी संस्कृताचा आश्रय केला, आणि तेथेही एक मौज झाली. शुद्ध व अशुद्ध रक्ताच्या वाहिन्यांसाठी आपल्या पाठ्यपुस्तकांत व संदर्भग्रंथांत दोन जोड्या आढळतात. ‘धमनी’ व ‘शिरा’ ही एक, ‘रोहिणी’ व ‘नीला’ ही दुसरी. पहिली जोडी हिंदीतही रूढ आहे. दुसरी विशेषेकरून मराठीची. मराठी विश्वकोशाने ‘रोहिणी’ व ‘नीला’ ह्या शब्दांस चांगलेच स्थैर्य दिले. हे दोन्ही शब्द सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात येतात, परंतु त्यांचा अर्थ तेथे निराळा आहे. सुश्रुताने सिरांची एकूण संख्या ७०० सांगून त्यांचे चार वर्ग केले आहेत. वाताच्या त्या अरुणा, पित्ताच्या नीला, कफाच्या गौरी आणि रक्ताच्या रोहिणी. म्हणजे आज ज्या वाहिनीला आपण नीला म्हणतो, ती सुश्रुताच्या मते रक्ताची नव्हे, पित्ताची. विल्यम हार्वीने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला. त्या सिद्धांतातील दोन वाहिन्यांना मराठीने सुश्रुताच्या चार रंगांपैकी दोन रंग दिले. शब्द जुना राहिला, व्यवस्था मात्र संपूर्ण नवी आली.

‘धमनी’ ह्या शब्दाची कथा तर अधिकच बोलकी आहे. ‘धम्’, ‘ध्मा’ म्हणजे फुंकणे. लोहाराच्या भात्याशी ज्या धातूचा संबंध, त्याच धातूपासून धमनी निघाली. चरकानेही फुंकण्याच्या क्रियेवरूनच तिची व्युत्पत्ती लावली आहे. तिकडे ग्रीक भाषेत ‘आर्टेरिआ’ हा शब्द प्रथम श्वासनलिकेला लावीत. पुढे तो रक्तवाहिनीला लागला, आणि एरासिस्ट्राटस ह्या वैद्याने तर त्या वाहिन्यांत रक्त नसून प्राणवायुसदृश ‘न्यूमा’ असतो असेच प्रतिपादन केले. मृत शरीरात ह्या वाहिन्या बहुधा रिकाम्या आढळतात. त्या निरीक्षणातून ही समजूत दृढ झाली असावी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलनने जिवंत प्राण्याची वाहिनी दोन ठिकाणी बांधून मध्ये छेद घेतला व आत रक्तच असते हे दाखविले. समजूत गेली, परंतु शब्द राहिला. इंग्रजीतील ‘आर्टरी’ आणि मराठीतील ‘धमनी’ ह्या दोन्ही शब्दांत तो जुना वारा अजून वाहतो आहे.

‘अंगावरून वारे जाणे’ हा प्रयोग ह्याच परंपरेतला. चरकाने पक्षाघाताचे वर्णन करताना कुपित वायू शरीराच्या अर्ध्या भागातील सिरा व स्नायू शुष्क करतो असे म्हटले आहे. सुश्रुताच्या निदानस्थानात तर वायू सिरांत शिरला असता होणाऱ्या लक्षणांत सिरांचे ‘आकुंचन’ स्पष्ट शब्दांनी सांगितले आहे. येथे उत्साही वाचकास असे वाटण्याचा संभव आहे की, रोहिण्यांच्या आकुंचनाचे आधुनिक ज्ञान आपल्या पूर्वजांस पूर्वीच होते. तसा निष्कर्ष काढता येत नाही. सुश्रुताच्या आकुंचनामागे वाताची उपपत्ती आहे; आधुनिक आकुंचनामागे स्नायुपेशी, कॅल्शियम आणि क्षकिरणचित्र आहे. समान शब्द हा समान ज्ञानाचा पुरावा नव्हे. तो पुरावा मानला की इतिहास संपतो आणि अभिमान सुरू होतो.

३

आता हिंगोलीच्या राजकीय इतिहासाकडे वळले पाहिजे, कारण तेथील वैद्यकीय भाषा त्या इतिहासाने घडविली. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वी तो परभणी जिल्ह्याचा भाग होता, आणि १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंट ह्या फौजेची छावणी होती. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवणारी ही संस्था होती, आणि वैद्यकही तेथे उर्दूतून शिकविले गेले. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते, दारुल तर्जुमा, उभे करण्यात आले होते. ह्याचा अर्थ असा की, ह्या भागातील मराठी मुलाला त्या काळी हैदराबादेस जाऊन वैद्यक शिकावयाचे असल्यास रोहिणीला ‘शिरियान’ व नीलेला ‘वरीद’ म्हणावे लागे. घरी शीर, पाठांतरात शिरियान आणि वैद्यबुवांच्या पोथीत सिरा, अशी ही त्रिभाषिक अवस्था होती.

‘लकवा’ ह्या शब्दाचा प्रवास ह्या संदर्भात पाहण्यासारखा आहे. अरबी-युनानी वैद्यकात ‘लक्वा’ म्हणजे तोंड वाकडे होणे, ज्याला आयुर्वेद ‘अर्दित’ म्हणतो. अर्धांग लुळे पडण्यास तेथे ‘फालिज’ हा निराळा शब्द आहे. लोकभाषेने फालिज मागे सारला आणि लकवा सर्वांगावर पसरविला. चेहऱ्याच्या मज्जातंतूचा विकार, जो बहुधा काही आठवड्यांत बरा होतो, आणि मेंदूतील रक्तस्राव, ज्यात प्रत्येक घटका मोलाची असते, ह्या दोहोंस आज एकच नाव आहे. नावाची ही संदिग्धता निरुपद्रवी नव्हे.

ह्याच हैदराबाद संस्थानात १८८९ मध्ये घडलेला एक प्रसंग आपल्या विषयाशी अनपेक्षित रीतीने जोडलेला आहे. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी ह्यांचे असे ठाम मत होते की, क्लोरोफॉर्ममुळे येणारा मृत्यू श्वसन बंद पडल्याने येतो, हृदय बंद पडल्याने नव्हे. १८८८ मध्ये नेमलेल्या पहिल्या आयोगाचा निर्णय इंग्लंडमध्ये कोणास पटला नाही. तेव्हा निजामाने १००० पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’ नियतकालिकाचे प्रतिनिधी म्हणून टॉमस लॉडर ब्रंटन हैदराबादेस आले. हे ब्रंटन म्हणजे रक्तवाहिन्या रुंद करणाऱ्या औषधाचा रोगोपचारात प्रथम हेतुपूर्वक उपयोग करणारे गृहस्थ. १८६७ मध्ये, एडिंबरो येथे तरुण डॉक्टर असताना, हृच्छूळाच्या रुग्णाची नाडी यंत्राने रेखाटून त्यांनी असे पाहिले की, कळ येते तेव्हा रक्ताचा ताण वाढलेला असतो. ज्या द्रव्याने ताण उतरतो त्याने कळही थांबावी, असा तर्क करून त्यांनी अमिल नायट्राइट हुंगावयास दिले, आणि कळ थांबली.

हैदराबादेत मात्र त्यांचा तर्क चुकला. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून दुसऱ्या आयोगानेही लॉरींचेच मत उचलून धरले. भूल देताना नाडी पाहू नका, श्वास पहा, हा त्याचा सारांश होता. पुढे १९११ मध्ये ए. जी. लेव्ही ह्यांनी क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीतही हृदय एकाएकी थरथरून बंद पडू शकते हे प्रयोगाने दाखविले. आयोगाचे प्रयोग खोटे नव्हते. त्यांतून काढलेले कारण अपुरे होते. औषध किंवा विष आपले कार्य करते, आणि मनुष्य त्या कार्याला एक कारण चिकटवितो. कार्य खरे असले म्हणजे कारणही खरे असलेच पाहिजे असे नाही. हैदराबादचा हा धडा मेंदूच्या रोहिण्यांच्या बाबतीत सुमारे शंभर वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला.

४

कॅल्शियमचा स्नायूंशी असलेला संबंध प्रथम एका चुकीतून कळला. सिडनी रिंगर हे लंडनमधील वैद्य बेडकाचे हृदय क्षारांच्या द्रावणात ठेवून त्याच्या ठोक्यांचा अभ्यास करीत होते. द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केले आहे अशी त्यांची समजूत होती. वस्तुतः ते नळाच्या पाण्यात केलेले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय मंदावून थांबू लागले. १८८३ मध्ये रिंगरनी हा उलगडा प्रसिद्ध केला. लंडनच्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते, आणि त्यावाचून हृदयाचा स्नायू आकुंचन पावत नाही. दंत आणि अस्थी ह्यांचे द्रव्य म्हणून ठाऊक असलेले कॅल्शियम स्नायूच्या हालचालीचे सूत्रधार ठरले. १९४७ मध्ये हाइलब्रुन व वियरचिन्स्की ह्यांनी स्नायुतंतूच्या आत कॅल्शियम सोडून तो आखडतो हे दाखविले, आणि १९६० नंतरच्या दशकात सेत्सुरो एबाशी ह्या जपानी शास्त्रज्ञाने कॅल्शियम कोणत्या प्रथिनाद्वारे हे कार्य करविते ह्याचा शोध लावला.

रोहिणीच्या भिंतीत गुळगुळीत स्नायूंचा थर असतो. त्यातील पेशीच्या बाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असते. पेशीच्या आवरणात सूक्ष्म द्वारे आहेत. विद्युत्स्थिती बदलली की ती उघडतात, कॅल्शियम आत शिरते, काल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाशी संयोग पावते, आणि त्या साखळीच्या शेवटी स्नायू आखडतो. रोहिणीची पोकळी अरुंद होते. पोकळीची त्रिज्या निम्मी झाली तर, अन्य गोष्टी समान असता, प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून किंचित आकुंचनही क्षुल्लक मानता येत नाही.

१९६० नंतरच्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन ह्यांना असे दिसून आले की, वेरापामिल आदी काही औषधे दिली असता हृदयाचा स्नायू कॅल्शियम काढून घेतल्यासारखा वागतो, आणि अधिक कॅल्शियम दिले की पूर्ववत होतो. ह्या औषधांस त्यांनी ‘कॅल्शियमचे प्रतिस्पर्धी’ अशा अर्थाचे नाव दिले. पेशीतील द्वारांचे ज्ञान पुढे स्पष्ट झाल्यावर ‘कॅल्शियमद्वाररोधी’ अशा अर्थाचे दुसरे नाव रूढ झाले. दोन नावांतील भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. पहिल्या नावात औषध कॅल्शियमशी लढते; दुसऱ्यात ते केवळ दार लावते. शरीरातील कॅल्शियम कोठेही जात नाही, हाडांतील तर मुळीच नाही.

ह्या वर्गातील नायफेडिपिन, ॲम्लोडिपिन इत्यादी उपवर्गाचा भर हृदयापेक्षा रक्तवाहिन्यांवर अधिक असल्याने ती रक्तदाबाची औषधे म्हणून घरोघरी पोहोचली. त्याच उपवर्गातील निमोडिपिन जर्मनीतील बायर ह्या संस्थेत सिद्ध झाले. ते स्निग्ध पदार्थांत विरघळते, त्यामुळे मेंदूत सुलभतेने शिरते. आणि प्राण्यांवरील प्रयोगांत अन्य वाहिन्यांपेक्षा मेंदूच्या वाहिन्यांवर त्याचा प्रभाव अधिक दिसला. मेंदूच्या आखडलेल्या रोहिण्यांना उमलविणारे औषध सापडले, अशी आशा साहजिकच निर्माण झाली.

५

ह्या आशेची पार्श्वभूमी समजण्यासाठी ‘मेंदूच्या रोहिण्यांचा आकर्ष’ ह्या कल्पनेचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टर मंडळी हा शब्द सढळपणे वापरीत. क्षणिक अशक्तपणा, दृष्टी जाणे, वाचा जाणे अशा ज्या लक्षणांचे कारण सापडत नसे, ती सर्व रोहिणीच्या आकर्षाच्या खात्यावर जमा होत. १९४८ मध्ये जॉर्ज पिकरिंग ह्यांनी ह्या सवयीवर कठोर टीका केली. कारण ठाऊक नाही हे कबूल करण्याऐवजी शब्द पुढे करणे म्हणजे निदान नव्हे, असा तिचा मथितार्थ होता. आणि दैवयोग असा की, शब्द अप्रतिष्ठित होत असतानाच त्याला एका मर्यादित क्षेत्रात खरा आधार मिळाला. लिस्बनच्या एगाश मोनिश ह्यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रोहिण्यांचे क्षकिरणचित्र घेण्याची पद्धत काढली होती. तिच्या साहाय्याने १९५१ मध्ये आर्थर एकर व पॉल रीमेनश्नायडर ह्यांनी, रोहिणीवरील फुगा फुटून रक्तस्राव झालेल्या रुग्णांत मेंदूच्या तळाच्या रोहिण्या प्रत्यक्ष अरुंद झालेल्या दाखविल्या.

ह्या आकुंचनाचे वैशिष्ट्य असे की ते विलंबाने येते. रक्तस्रावानंतर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास ते आरंभ पावते, सहाव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास पराकोटीस जाते आणि दोन आठवड्यांत बहुधा ओसरते. मिलर फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये असे दाखविले की, रोहिण्यांभोवती साकळलेले रक्त जितके दाट, तितका हा धोका अधिक. ह्याचा मानवी अर्थ असा की, पहिल्या आघातातून वाचलेला, शुद्धीवर आलेला, घरच्यांशी बोलू लागलेला रुग्ण आठवड्याभराने पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो.

अशा रुग्णांवर निमोडिपिनची पहिली मोठी कसोटी १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ह्या अमेरिकन चाचणीत आकर्षामुळे तीव्र आणि टिकाऊ अपंगत्व किंवा मृत्यू ओढवला तो निरौषध गोळी घेणाऱ्या ६० पैकी ८ जणांना, आणि निमोडिपिन घेणाऱ्या ५६ पैकी केवळ १ जणाला. १९८९ मध्ये ब्रिटनमधील ५५४ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष पिकार्ड आदींनी मांडला. दर ४ तासांनी ६० मिलिग्रॅम, २१ दिवस, असा क्रम होता. मेंदूचा भाग मृत होण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले, आणि मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व अशी वाईट परिणती ३३ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर. औषध उपयुक्त होते ह्यात शंका उरली नाही.

परंतु आकुंचनाचे काय झाले? १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली कॅनडातील चाचणी गंभीर अवस्थेतील रुग्णांवर होती. तीत चांगली परिणती निमोडिपिन घेणाऱ्यांत २९.२ टक्के व इतरांत ९.८ टक्के आढळली, म्हणजे जवळजवळ तिप्पट. मात्र क्षकिरणचित्रांत रोहिण्यांचे मध्यम अथवा तीव्र आकुंचन एका गटात ६४.३ टक्के व दुसऱ्यात ६६.२ टक्के, म्हणजे सारखेच होते. रुग्ण सुधारले, रोहिण्या होत्या तशाच राहिल्या. उलट बाजूचा पुरावा १९९३ मध्ये आला. निकार्डिपिन हे त्याच वर्गातील औषध शिरेवाटे ९०६ रुग्णांच्या चाचणीत दिले गेले. मध्यम अथवा तीव्र आकुंचन ५१ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर उतरले. परंतु तीन महिन्यांनंतरची परिणती दोन्ही गटांत सारखीच होती. पुढे क्लाझोसेंटन ह्या अगदी निराळ्या मार्गाने कार्य करणाऱ्या औषधानेही आकुंचन लक्षणीय प्रमाणात घटविले. तरीही २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रुग्णांची परिणती सुधारल्याचे दिसले नाही. (जपानने ह्या औषधास २०२२ मध्ये मान्यता दिली; तेव्हा हा वाद सर्वत्र एकाच रीतीने मिटला असे नाही.)

ज्या औषधाने रोहिणी उघडली त्याने माणूस सुधारला नाही. ज्याने माणूस सुधारला त्याने रोहिणी उघडलेली दिसली नाही. निमोडिपिन मग कसे कार्य करते? चित्रात न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्या ते उघडत असेल, चेतापेशींत कॅल्शियमचा घातक पूर येऊ देत नसेल, मेंदूच्या पृष्ठभागावर पसरत जाणाऱ्या विद्युल्लहरींचा अपाय कमी करीत असेल. अशा अनेक उपपत्ती संशोधकांनी मांडल्या आहेत. एकीवर एकमत नाही.

६

येथे वैद्यकाने जे केले ते भाषाभ्यासकास विशेष महत्त्वाचे वाटेल. २०१० मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांच्या एका गटाने नव्या औषधाचा नव्हे, तर शब्दांचा प्रस्ताव मांडला. तोवर ‘आकर्ष’ हा एकच शब्द तीन गोष्टींना लावीत. क्षकिरणचित्रातील अरुंद रोहिणी, रुग्णाची विलंबाने खालावणारी अवस्था आणि मेंदूचा मृत झालेला भाग. तीन निराळ्या गोष्टी एका नावाने मोजल्यामुळे चाचण्यांची तुलनाच होऊ शकत नव्हती. गटाने सुचविले की ह्या तिन्हींस पृथक नावे द्यावीत, आणि औषधाचे यश चित्रावरून न ठरविता मेंदूची हानी व रुग्णाचे कार्यसामर्थ्य ह्यांवरून ठरवावे. आपल्या ‘शीर’ ह्या शब्दाच्या पोटी जशा चार वस्तू, तशाच त्या शास्त्रीय संज्ञेच्या पोटी तीन. अनेकार्थता हा केवळ अशिक्षित बोलीचा दोष नव्हे, हे ह्यावरून ध्यानात यावे.

हा विवेक मराठीत आणण्याची निकड आता पूर्वीपेक्षा अधिक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात जी नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली त्यांत हिंगोलीचेही आहे. तेथील विद्यार्थी इंग्रजीतून शिकेल आणि मराठीतून बोलेल. कल्पना करा की, एखाद्या रुग्णाच्या मुलास ‘हे शीर रुंद करण्याचे औषध आहे’ असे सांगितले. सात दिवसांनी चित्र काढले आणि शीर अरुंदच आहे असे त्याला कळले. औषध निष्फळ ठरले असा निष्कर्ष तो काढील, आणि त्याला दिलेल्या शब्दांच्या मर्यादेत तो निष्कर्ष तर्कशुद्धच असेल. ‘ही रक्तदाबाच्याच जातीची गोळी आहे’ असे सांगितल्यास, दाब ठीक असताना मध्यरात्री उठवून ती का द्यावयाची, हा प्रश्न त्याच्या मनात येईल. ‘कॅल्शियमरोधी’ हे नाव तेवढे ऐकले तर हाडे झिजतील काय, दूध बंद करावयाचे काय, अशी चिंता त्याला लागेल. ह्या प्रत्येक ठिकाणी चूक ऐकणाऱ्याची नसून नावाची आहे.

ह्यास्तव तीन सूचना येथे विचारार्थ मांडाव्याशा वाटतात. पहिली अशी की, क्षकिरणचित्रात दिसणाऱ्या घटनेला ‘रोहिणी-आकुंचन’ म्हणावे आणि रुग्णाच्या उशिरा खालावणाऱ्या अवस्थेला ‘विलंबित रक्तन्यूनता’ असे स्वतंत्र नाव द्यावे. दोहोंस ‘आकर्ष’ ह्या एका शब्दात कोंबू नये. दुसरी, औषधवर्गास ‘कॅल्शियमरोधी’ ऐवजी ‘कॅल्शियमद्वाररोधी’ म्हणावे. शब्द थोडा लांब होतो, परंतु रोध कशाला आहे हे त्यात स्पष्ट होते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची अशी की, रुग्णाच्या घरच्यांशी बोलताना औषधाचे वर्णन त्याच्या कल्पित कारणावरून न करता सिद्ध कार्यावरून करावे. ‘डोक्यात रक्त सांडले की दुसऱ्या आठवड्यात मेंदूला पुन्हा इजा होण्याचे भय असते, ते भय ह्या गोळीने कमी होते, म्हणून तीन आठवडे, रात्रीसुद्धा, ती चुकवावयाची नाही’ एवढे पुरे आहे. ह्यात एकही पारिभाषिक शब्द नाही आणि एकही असिद्ध विधान नाही.

‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणणाऱ्या वृद्धेस आपण अडाणी समजतो. परंतु धमनी हा शब्द उच्चारताना आपणही वाराच फुंकीत असतो, आणि निमोडिपिनला रोहिणी उघडणारे औषध म्हणताना तर आपण आपल्याच काळातील एक असिद्ध उपपत्ती सिद्धांताच्या सुरात सांगत असतो. तिचा शब्द दोन हजार वर्षांपूर्वीच्या उपपत्तीचा अवशेष, आपला चाळीस वर्षांपूर्वीच्या. शब्दांत जुन्या समजुती साठून राहतात हे टाळता येणार नाही. त्या कोणत्या हे मात्र आपणांस ठाऊक असले पाहिजे. वैद्यकीय परिभाषा घडविणाऱ्या मंडळांवर भाषेचा एक इतिहासकार असावा तो एवढ्याचसाठी.